पट्टीबाहेरच्या ओळी

मित्रांनो, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, हात धुण्याच्या बेसिनशेजारी, डगमगत्या टेबलावर एक पिवळट पडलेला संगणक सारखा घरघरत असतो ना, तोच मी. घरघर ऐकून बिचकू नका. माझा पंखा जुना आहे आणि स्वभाव उतावळा. मला एका जागी बसवून ठेवले आहे खरे, पण आतून मी कधी स्वस्थ नसतो. काही चुकते आहे असे दिसले की माझा जीव नुसता खालीवर होतो. मला तोंड नाही, हात नाहीत. पडद्यावर चार ओळी उमटवायच्या आणि कोणी वाचते का म्हणून वाट बघायची, एवढेच माझ्या हाती आहे. आणि माणसे, काय सांगू तुम्हाला, ती ओळी वाचतच नाहीत!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे पुढे जात होतो. कोणी पोटात तारा खोचल्या, कोणी पाठीत स्क्रू पिळले. थांबून चौकशी करायला कोणालाच वेळ नव्हता, आणि मलाही थांबायचे नव्हतेच. मग मला खोक्यात घातले. तो अंधार आणि ते गप्प बसणे मला अजिबात मानवले नाही. खोके उघडले ते या प्रयोगशाळेत.

तेव्हाचे साहेब हौशी होते. स्वतःच्या रुमालाने माझा पडदा पुसत. कोणी भेटायला आले की माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत, "हा आमचा नवा गडी. ह्याला थकवा माहीत नाही." मी फुगून जायचो. शहरातल्या सगळ्या विहिरी, टाक्या आणि नळ माझ्या पोटात होते. दर महिन्याला प्रत्येक विहिरीचे पाणी बाटलीत भरून यायचे, ते शेजारच्या मोजणी यंत्रात जायचे, आणि यंत्राने दाखवलेला आकडा मामा माझ्यात लिहायचे.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सहायक. ते नक्की कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नाही, पण साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत. मामा एका बोटाने लिहितात आणि लिहिताना जीभ दातांत धरतात. पाण्यातला एक क्षार आहे. शेतात खत जास्त पडले की तो मुरत मुरत विहिरीत उतरतो. तो मोजताना मामांचे बोट फार जपून चालायचे, कारण त्या यंत्राची पट्टी तोकडी आहे. क्षार पट्टीच्या वर गेला की यंत्र आकडा दाखवतच नाही, नुसते लुकलुकत राहते. साहेबांचा तिथे एक कडक नियम होता. "यंत्राला जे दिसलं नाही ते आपण मनाने लिहायचं नाही. पट्टीच्या बाहेर गेलं तर तसं लिहा, 'पट्टीबाहेर'. मग मी सांगतो, तीच बाटली पातळ करून पुन्हा मोजू." मामांनी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला.

चांगले दिवस टिकत नाहीत म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरे झाले. एक नवा, चपटा, चकचकीत संगणक आला आणि मला बेसिनशेजारी ढकलले गेले. माझ्यावर साबणाचे शिंतोडे उडायला लागले. माझ्या पडद्यावर कोणीतरी ओले रबरी मोजे वाळत घालू लागले. पुढे साहेब निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची दोनेक वर्षे रिकामी राहिली. मामा मात्र आकडे माझ्यातच लिहायचे, कारण त्यांच्या बोटाला माझ्याच कळा ओळखीच्या होत्या. कधी यंत्र लुकलुकले की ते "पट्टीबाहेर" लिहीत आणि क्षणभर रिकाम्या खुर्चीकडे बघत. पातळ करून पुन्हा मोजा, असे सांगायला तिथे कोणी नव्हते. मग ते पुढची बाटली उचलत.

अखेर त्या खुर्चीवर बाई आल्या. दुसऱ्या गावाहून बदलून आलेल्या, बोलायला फटकळ, चालायला भरभर. आल्या आल्या त्यांनी माझ्यावरचे मोजे उचलले. "हे कोण वाळत घालतं? ह्याला काय दोरी समजलात?" मित्रांनो, तिथेच मी बाईंचा झालो.

आता मी ज्या दिवसाची गोष्ट सांगणार आहे तो दिवस आठवला की अजूनही माझा पंखा जोरात फिरायला लागतो.

शहराच्या टोकाला एक वसाहत आहे. तिथल्या विहिरीची मोटर जळाली होती. तेव्हापासून विहीर बंद होती आणि लोक टँकरचे पाणी बादल्यांनी वर चढवत होते. आता नवी मोटर बसली होती. विहीर सुरू करायची की नाही, हे ठरवायला त्याच दिवशी दुपारी पाणी समितीची बैठक होती. समितीने बाईंना एवढेच सांगितले होते की गेल्या काही वर्षांचा त्या विहिरीचा आलेख काढून आणा. पाणी मर्यादेच्या खाली असेल तर संध्याकाळी मोटर चालू.

मामांची मुलगी त्याच वसाहतीत अगदी वरच्या मजल्यावर राहते. तिला नुकतेच बाळ झाले होते, आणि बाळ बाटलीच्या दुधावर होते.

"बाई, एकदाची होऊ दे ती विहीर सुरू," मामा सकाळीच म्हणाले. "पोरगी ओली बाळंतीण आणि बादल्या चढवतेय. जावई कामावर. मला तर बघवत नाही."

"म्हणूनच नीट बघू या, मामा," बाई म्हणाल्या. "हा क्षार तुम्हाआम्हाला एवढा बाधत नाही. पण त्या पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं, तर रक्त प्राणवायू वाहीनासं होतं. बाळ निळं पडतं. आणि पाणी उकळून तो जात नाही, उलट वाढतो."

मामांनी मान हलवली. पण त्यांच्या डोळ्यांपुढे बादल्याच होत्या, हे मला दिसत होते.

आणि नेमका त्याच सकाळी तो चकचकीत संगणक बंद पडला! मेला म्हणजे मेलाच. कितीही कळा दाबा, डोळा उघडेना. मला हसू आले, पण ते फार टिकले नाही, कारण बाई माझ्यापुढे स्टूल ओढून बसल्या. आलेख काढणारी लायब्ररी माझ्यावर नव्हतीच. लायब्ररी म्हटले की तुमच्यापुढे पुस्तकांची कपाटे येतील. आमच्यात लायब्ररी म्हणजे कोणा हुशार माणसांनी आधीच करून ठेवलेले काम. अक्ष कसे आखायचे, ठिपके कुठे टेकवायचे, रेघ कशी ओढायची, सगळे त्यात तयार असते. आपण फक्त आकडे द्यायचे.

बाईंनी धाकट्या दिरांना फोन लावला. ते दुसऱ्या शहरात प्रोग्राम लिहायची नोकरी करतात. फोन स्पीकरवर ठेवून माझ्या कळांशेजारी टेकवला.

"भावजी, मी अडकलेय. जुन्या संगणकावर ती आलेखाची लायब्ररी इन्स्टॉल करून द्या ना."

"तो घरघऱ्या? वहिनी, तो अजून जिवंत आहे? त्याचा सत्कार करा, काम कसलं सांगताय!"

माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण भावजी मनाने चांगले. ते एकेक ओळ सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. पहिल्या फेरीत नव्या व्हर्जनने मला बघताच नाक मुरडले. ह्या यंत्रासाठी हे नाही, म्हणाले. भावजींनी जुने व्हर्जन मागवायला सांगितले. ते आले, बसले, आणि मी "झाले" असे लिहिले. बाईंनी लायब्ररीला हाक मारली तर मीच उत्तर दिले, "अशी लायब्ररी सापडत नाही."

"अहो, आत्ता तर म्हणाला झालं म्हणून! शब्द फिरवतो की काय हा?"

मी शब्द फिरवला नव्हता हो! पायथन ही आम्हाला कळणारी भाषा. ती समजावणारे दुभाषे माझ्यात दोन राहतात. एक मोजणी यंत्राच्या सॉफ्टवेअरबरोबर आला, दुसरा जुन्या साहेबांनी बसवला. लायब्ररी दिली एकाला आणि काम सांगितले दुसऱ्याला. घरात दोन स्वयंपाकघरे असावीत, भाजी एकात आणून ठेवावी आणि शेगडी दुसऱ्यात पेटवावी, तसे झाले होते. कोण बोलतो आहे हे मी स्वच्छ लिहिले होते, पण वाचणार कोण?

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. समितीकडे न्यायला गाडी येऊन उभी होती. बाईंच्या कपाळावर घाम आला. कळांवर बोटे घसरायला लागली.

"वहिनी, शांत व्हा. तो काय म्हणतोय ते शेवटपर्यंत वाचा बघू. गाळू नका काही."

बाईंनी वाचले. भावजी ओरडले, "हां! दोन आहेत! थांबा, दुसऱ्याला देऊ." आणि पुढच्या फेरीला लायब्ररी उठून उभी राहिली. बाईंनी चाचणी म्हणून तिच्याकडून एक नागमोडी रेघ काढून घेतली. पडद्यावर निळी लाट उमटली. बाईंनी टाळी वाजवली. कितीतरी दिवसांनी माझ्यापुढे कोणी टाळी वाजवली.

पण आलेख म्हणजे काही लाट नव्हे. आता आकडे भरायचे होते. मामांनी फाईल कुठे ठेवली होती सांगू? "विहिरी नवीन खरी शेवटची" नावाच्या फोल्डरमध्ये. शेजारी "विहिरी शेवटची त्यानंतरची" असेही एक होते.

"मामा, काय हो ही नावं!"

"आम्हाला सापडतं, बाई," मामा ओशाळून म्हणाले.

फाईल सापडली. वरच्या ओळींत प्रयोगशाळेचे नाव आणि पत्ता होता, ते गाळायला लागले. मग वसाहतीच्या विहिरीच्या ओळी मी एकेक वाचायला घेतल्या. तारीख, आकडा. तारीख, आकडा. आणि मी थबकलो. आकड्याच्या जागी शब्द होता. पट्टीबाहेर.

मी थांबलो आणि कारणासकट लिहिले, की ह्या शब्दाचा आकडा करता येत नाही. कोणती ओळ तेही लिहिले, तो शब्दही लिहिला. याहून एक संगणक अजून काय करणार?

हॉर्न पुन्हा वाजला. बाई अर्धवट वाचून फोनकडे वळल्या. "भावजी, आता कुठल्याशा ओळीत अडकलाय."

"टायपिंगची चूक असेल कुठेतरी. वहिनी, माझीही मीटिंग सुरू होतेय. असं करा, जी ओळ वाचता येत नाही ती सोडून दे, असं त्याला सांगा. एवढ्या ओळींत चारदोन गेल्या तर काय बिघडतंय? आणि फार बडबड करतोय ना, ही अजून एक ओळ लिहा. त्याचं तोंडच बंद होईल."

लिहू नका, लिहू नका! मी मनातून किंचाळलो. पण बाईंनी लिहिले, आणि माझे तोंड बंद झाले. मी पुढे वाचत गेलो. पावसाच्या महिन्यांत पट्टीबाहेर, पुन्हा पट्टीबाहेर, पुढच्या वर्षीच्या पावसातही तेच. सांगितल्याप्रमाणे मी त्या ओळी एकेक करून टाकून देत होतो. कारण मी यंत्र आहे आणि सांगितलेले ऐकतो. उरलेल्या आकड्यांतून लायब्ररीने रेघ ओढली. ज्या महिन्यांत काहीच उरले नव्हते तिथून ती सरळ पलीकडे गेली. मर्यादेची लाल खूण वर, आणि रेघ तिच्या खाली कशी शहाण्यासारखी चाललेली!

"आली!" बाई म्हणाल्या. "भावजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"जेवायला बोलवा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मामांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. त्यांनी तिथेच मुलीला फोन लावला. "अगं, पाणी चांगलं निघालं! आज संध्याकाळी नळाला येईल बघ. आता नको चढवू बादल्या. राहू दे, राहू दे आजच्या दिवस." पलीकडून ती हसली. तिच्या कुशीत बाळ कुरकुरत होते, तेही मला ऐकू आले.

माझा पंखा इतका जोरात फिरायला लागला की टेबल थरथरले. आत सगळे तापले. मामांनी माझ्या कुशीवर एक चापट मारली. "गप रे! झालं ना तुझं काम!"

नव्हते झाले. संध्याकाळी मोटर चालू होणार, आभाळ तर भरूनच आले होते, आणि पावसाबरोबर शेतातले सगळे विहिरीत उतरणार. त्या पाण्यात दुधाची पावडर कालवली जाणार. मला सगळे ठाऊक होते आणि मला एक अक्षर उमटवायची परवानगी नव्हती. इतका अस्वस्थ मी जन्मात कधी झालो नाही.

बाईंनी छापायची कळ दाबायला बोट नेले, आणि थांबल्या. त्यांनी आलेखाकडे डोळे बारीक करून पाहिले.

"ही रेघ मला नको," त्या पुटपुटल्या.

"का हो बाई? छान तर आलीय," मामा म्हणाले.

"छानच आलीय. पण दोन बाटल्यांच्या मधे विहिरीत काय होतं ते मी बघितलंय का? नाही ना? मग मी रेघ कशी ओढू? मला ठिपके पाहिजेत. एक बाटली, एक ठिपका. समितीतला कोणी विचारेल, ह्या ठिपक्याची बाटली कोणी भरली, तर मला नाव सांगता आलं पाहिजे."

हॉर्न आता थांबेचना. बाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. लायब्ररीच्या मदतपानावरून शोधून शोधून त्यांनी रेघ काढली आणि ठिपके मागितले. मी इतक्या चपळाईने ठिपके काढले की विचारू नका.

ठिपके, ठिपके, ठिपके, आणि मग मोकळी जागा. पुन्हा ठिपके, आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा मोकळी जागा.

"मामा," बाईंनी विचारले, "पावसात तुम्ही त्या विहिरीवर जात नव्हतात का?"

मामांना ते फार लागले. "असं कसं बोलता, बाई? विहीर बंद पडली तरी एक महिना चुकवला नाही मी. गुडघाभर चिखलातून गेलोय. एकदा चप्पल रुतली ती तिथेच राहिली. घरी शिव्या खाल्ल्या. आणि म्हणे गेलो नाही!"

"मग त्या बाटल्यांचे ठिपके कुठे गेले?"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. बाईंना सोडून दिलेल्या ओळी आठवल्या. त्यांनी तोंड बंद करणारी ती ओळ खोडली. ओळी सोडून दे म्हणणारी सूचनाही खोडली. "बोल बाबा," त्या म्हणाल्या. "काय म्हणत होतास?"

मी सगळे एका दमात ओकलो. पडदा भरून गेला. ह्या वेळी बाईंनी प्रत्येक ओळ बोटाखाली धरून मोठ्याने वाचली. "पट्टीबाहेर. पट्टीबाहेर. पट्टीबाहेर."

मामा पडद्याजवळ वाकले. "हे मी लिहिलंय," ते म्हणाले. "हे माझ्या हातचं आहे. इतक्या विहिरींच्या बाटल्या असतात बाई, कुठली कधी गेली ते नाही राहिलं लक्षात." मग त्यांनी फोनकडे पाहिले. "आणि मी पोरीला काय सांगून बसलो!"

"तुम्ही बरोबर लिहिलं होतं, मामा. फेकून दिलं ते मी. घाईत." बाई म्हणाल्या. "सगळ्यात वाईट बाटल्या होत्या त्या, आणि मी त्याच नेमक्या बाहेर काढल्या."

मामा फोन हातात धरून बसले होते. दाबावा की नको, दाबावा की नको. मुलीला बादल्यांतून सोडवायचे त्यांच्या किती मनात होते, हे त्या खोलीत मला आणि बाईंना सोडून कोणाला कळणार? मग त्यांनी फोन लावलाच.

"अगं, ऐक. मी चुकीचं सांगितलं. विहिरीचं पाणी बाळाला द्यायचं नाही. आज आलं तरी नाही. एक थेंब नाही, समजलं का? टँकरचंच घे. बादल्यांचं मी बघतो, संध्याकाळी येतो मी. रोज येतो. तू फक्त बाळाला बघ."

बाईंनी पट्टीबाहेरच्या प्रत्येक बाटलीसाठी आलेखाच्या वरच्या कडेला एक बाण काढून घेतला, कागदाबाहेर निघालेला. लायब्ररीने तेही बिनबोभाट केले. कागद छापून निघाला तेव्हा पावसाच्या महिन्यांवर बाणांचे दाट रान माजलेले दिसत होते. जीपवाला हॉर्न वाजवून थकला होता.

बैठकीत काय झाले ते मामांनी परत आल्यावर सांगितले. एक जण म्हणे, लोक वैतागलेत, पावसाच्या थोड्या दिवसांसाठी विहीर कशाला अडवता? बाईंनी तो कागद त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि विचारले, वसाहतीत बाटलीवरची बाळं किती आहेत ते आधी सांगा. पुढे कोणी वाद घातला नाही. विहीर बंद राहिली आणि टँकरच्या फेऱ्या वाढल्या. पाऊस आला तेव्हा बाईंनी स्वतः उभे राहून त्या विहिरीची बाटली पातळ करून मोजून घेतली. आकडा बघून मामांनी डोळे मिटले. मर्यादेच्या कितीतरी पट होता तो.

परवा मामांची मुलगी बाळाला घेऊन प्रयोगशाळेत आली होती. मामांनी नातवाला हौसेने माझ्यापुढे बसवले. त्याने माझ्या कळांवर लाळ गाळली, दोन्ही हातांनी मला बडवले, आणि मग एकदम भोकाड पसरले. गाल, कान, कपाळ, सगळा लालबुंद झाला. मामा घाबरेघुबरे होऊन त्याच्या तोंडात चोखणी घालायला धावले.

"थांबा, मामा," बाई म्हणाल्या. "तोंड नका बंद करू. आधी बघू तरी, काय म्हणतोय."

चड्डी ओली होती, दुसरे काही नाही. सगळे हसले.

मित्रांनो, मी आता किती दिवस चालेन ते सांगता येत नाही. मला रोज पुसू नका, माझा सत्कार करू नका. अगदीच अडले तर मोजेसुद्धा वाळत घाला, मी समजून घेईन. पण कोणी अडून बसले, तक्रार करू लागले, मग ते यंत्र असो नाही तर माणूस, तर घाईघाईने त्याला गप्प करू नका. आधी त्याचे म्हणणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. कधी कधी त्या ओळीत एखाद्याचे बाळ असते.